विनाथांबा

माझ्या दुकानात घाई नेहमी शेवटच्या दिवशी येते. नागपूरच्या मेडिकल चौकातून आतल्या गल्लीत वळलं की ‘पुष्पलता झेरॉक्स, टायपिंग अँड बाइंडिंग’ अशी पाटी दिसते. ती पुष्पलता म्हणजे मीच. नवऱ्यानं हौसेनं माझं नाव पाटीवर घातलं आणि मला त्या पाटीखाली एकटीला बसवून तो निघून गेला. तेव्हापासून डॉक्टर होऊ घातलेली पोरं मी पाहत आले आहे. दोन दोन, तीन तीन वर्षं चहाच्या टपरीवर काढतात आणि प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी माझ्या काउंटरवर डोकं आपटतात. काकू, आजच पाहिजे. काकू, गोंद ओला राहिला तरी चालेल. मी त्यांना मनसोक्त बोलते आणि करून देते. पण घाईचा मला तिटकारा आहे. घाईत बांधलेल्या पुस्तकाची पाठ कधी सरळ बसत नाही.

एकाच मुलीची घाई मी मनापासून सोसली. तिचं नाव अपेक्षा सोमकुवर.

ती पहिल्यांदा आली ती सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर कोर्सला नाव घातल्यावर, नोट्स झेरॉक्स करायला. कोर्स दोन वर्षांचा. त्याआधी ती नर्स होती, एका खाजगी दवाखान्यात चांगली सहा-सात वर्षं काढलेली. तिशीला टेकलेली, सावळी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. उभी राहायची ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, जशा नर्सा राहतात. मी दुसऱ्या गिऱ्हाइकावर खेकसत असले की ती शांतपणे कागदांचे गठ्ठे जुळवून द्यायची. मला असली माणसं आवडतात. तिचं मराठी टायपिंग कासवाच्या चालीचं होतं, त्यामुळे मराठीचं काम माझ्याकडे आलं आणि हळूहळू तिच्या घरातल्या गोष्टीही आल्या.

घर इथंच, रामबागेत. आई मायाबाई, वडील धोंडबा आणि धाकटा भाऊ प्रशिक. धोंडबा एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर उमरेड डेपोत, बहुतेक नागपूर–भिवापूर गाडीवर. मिरचीच्या हंगामात पोत्यांमधून वाट काढत तिकिटं फाडावी लागायची, म्हणून त्यांना अजूनही बोलता बोलता ठसका लागतो. त्यांना कोणी कंडक्टर म्हटलं की मात्र खपत नसे. कंडक्टर हा लोकांचा शब्द, कागदोपत्री आपण वाहक, असं ते ठासून सांगत. खाकी शर्टावर लावायचा पितळी बिल्ला त्यांनी जपून ठेवला होता, त्यावर हाच शब्द. मॅट्रिकपर्यंत शिकलेला त्या घराण्यातला तो पहिला माणूस. सरकारी शब्दाची त्याला किंमत होती.

प्रशिकला सिकल होता. आमच्याकडे हा आजार घरोघरी ऐकू येतो, सगळ्याच जातींत, तरी नीट माहीत कोणालाच नसतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट माणूस गुरासारखा ओरडेल. प्रशिक लहानपणापासून या ठणक्यात वाढला. वीस वर्षांचा झाला होता पण अंगानं पंधराचा दिसायचा, डोळे पिवळसर. जीभ मात्र तिखट. बापाची सगळी एसटी त्याच्या बोलण्यात उतरली होती. दुखणं आलं की म्हणायचा, सिंगल बेल. म्हणजे गाडी थांबवा. बरं वाटलं की डबल बेल, चला. आई विचारायची जेवशील का, तर हा म्हणायचा, सुटे नाहीत.

धोंडबांची आणि माझी ओळख त्यांच्या जोकमुळे झाली. एकदा ते लेकीचा डबा घेऊन दुकानात आले, ती यायची होती, म्हणून बसले. मी सहज विचारलं, तुम्ही एसटीत कंडक्टर होता ना? झालं. खुर्ची पुढं ओढून त्यांनी मला सरळ केलं आणि मग तो जोक सांगितला, जो त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलेला होता.

“आमच्या डेपोत शिबिर होतं, रक्त तपासायचं. सगळ्यायले घरच्यांना घेऊन बोलावलं होतं. रक्त दिलं, आठ दिवसांनी निकाल ऐकायले मी ड्यूटीवरून सीधा गेलो. अंगावर खाकी, छातीवर बिल्ला. सिस्टर म्हणते, तुम्ही वाहक आहात. मी म्हणलं, हो मॅडम, उमरेड डेपो. मग म्हणते, तुमच्या मिसेसही वाहक आहेत. मी म्हणलं, नाही मॅडम, ती घरीच राहते. पण घरात तिकीट तीच फाडते.”

मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तेही हसले, मग त्यांना ठसका लागला. रांगेतली माणसंही अशीच हसली होती म्हणे, आणि ती सिस्टरही. पाठीमागे शंभर माणसं उभी, तिला वाटलं हा गंमत करतोय, म्हणजे याला कळलं. मायाबाईंना घरी येऊन त्यांनी सांगितलं की सरकारनं तुलाही नोकरी दिली, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर वर्षभरानं प्रशिक झाला, हेही धोंडबांनी त्याच ओघात सांगितलं. मी ते ऐकलं आणि माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही.

दिवाळीनंतर अपेक्षाच्या वर्गाला भिवापूर तालुक्यातल्या एका गावात नेलं होतं. तिथं सिकलची तपासणी चालली होती. लग्न ठरलेला एक तरुण निकाल ऐकायला आला. गावातली आरोग्यसेविका त्याला म्हणाली, तुम्ही वाहक आहात. तो म्हणाला, नाही मॅडम, मी चालक आहे, पाटलाचा ट्रॅक्टर चालवतो. वर्गातली सगळी मुलं हसली. अपेक्षाही हसली, आणि हसता हसताच तिला बापाचा जोक आठवला.

त्या दिवशी ती गाडीतून उतरून घरी न जाता माझ्याकडे आली. स्टुलावर बसली. मला वाटलं उन्हातान्हात फिरून चक्कर आली असेल, मी पाणी दिलं. तिनं ग्लास तसाच हातात धरून ठेवला.

“काकू, सिस्टरनं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “प्रशिक व्हायच्या आधी सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं.”

मला उमगायला वेळ लागला. मग तिनं शिकवल्यासारखं सांगितलं. हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. ज्याच्यात अर्धाच असतो त्याला काही होत नाही, तो जन्मभर ठणठणीत राहतो, आपल्यात काही आहे हे त्याला कळतही नाही. अशा माणसाला सरकारी मराठीत वाहक म्हणतात. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकराच्या वाट्याला दोन्ही अर्धे येऊ शकतात. शिबिरातली सिस्टर तेच सांगत होती, आणि समोर बिल्ला लावलेला वाहक उभा होता.

मी विचारलं, तू नर्स, तुला इतकी वर्षं कसं सुचलं नाही? ती म्हणाली, मी ते कॉलेजात इंग्रजीत शिकले, कॅरिअर म्हणून. आईबाबा कॅरिअर आहेत हे मला कधीचं माहीत होतं. प्रशिकच्या डॉक्टरांनी बाबांनाही इंग्रजीतच सांगितलं, ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. पण बाबांचा जोक मी चौथीत असल्यापासून ऐकत आले. जोक कोण तपासून पाहतं?

तिला रडू येत नव्हतं, मलाच आलं. मी पट्टीनं कागद सारखे करत बसले.

ही गोष्ट तिला घरात फक्त प्रशिकला सांगता येण्यासारखी होती, आणि तिनं सांगितली. तो काय म्हणाला ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, कारण तिला ते एकटीला पेलत नव्हतं.  तो म्हणाला, “म्हणजे बाबाले तेव्हा समजलं असतं तं मी नसतोच ना वं ताई. बरं झालं बाबा येडा निघाला.” आणि हसला. खरंच हसला, ती म्हणाली, पोट धरून. मग तिचा हात धरून म्हणाला, “पण बाबाले सांगजो नको. त्याले हे गणित नाही जमणार.”

शब्द बदलायची युक्तीही त्याचीच. वाहक म्हणू नका, त्यानं सांगितलं, हाफ म्हणा. हाफ तिकीट गावातल्या म्हातारीलेही समजते. बाबा हाफ, आई हाफ, दोन हाफ मिळून मी फुल. तपासलं तर अपेक्षाही हाफच निघालेली होती. म्हणून तर तू अजून लहान मुलासारखी दिसतेस, असं तो तिला चिडवायचा.

तिनं ठरवलं की प्रबंध याच शब्दावर करायचा. वाहक म्हटलं की लोकांना काय कळतं, आणि अर्धा म्हटलं की काय कळतं. प्रशिकला ते इतकं आवडलं की तो रोज विचारू लागला, पुस्तक कधी होईल. ती म्हणाली, कोर्स दोन वर्षांचा, पुस्तक शेवटी.

“दोन वर्षं?” तो म्हणाला. “एवढ्या लांबचं तिकीट नाही मिळत वं मले.”

ती त्याच्यावर रागावली, तो दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण ती नर्स होती. ठणके आता महिन्याला येत होते, आधी हंगामाला यायचे. रक्ताच्या बाटल्या वाढल्या होत्या. डॉक्टर काय बोलत नाहीत हे तिला चांगलं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी ती संस्थेतल्या तिच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला लवकर संपवायचं आहे.

संस्थेत तसा नियम होता. आरोग्याच्या कामाचा अनुभव असलेल्यांना पुढच्या सत्राचे विषय आधी घेता यायचे, सुट्टीत काम करून प्रबंध लवकर देता यायचा. पण तो नियम कोणी वापरला होता असं कोणाला आठवत नव्हतं. मॅडमनी आधी नाही म्हटलं. घाईत आरोग्य शिकता येत नाही, त्या म्हणाल्या, आणि तुला एवढी कसली घाई? अपेक्षानं खरं कारण सांगितलं नाही. भावाच्या आजारपणावर दया मागून मिळवलेली पदवी तिला नको होती. ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, बरं, पण एका विषयात जरी गडगडलीस तरी मुकाट्यानं दोन वर्षं.

मग ती धावायला लागली. शनिवार-रविवार दवाखान्यात ड्यूटी, बाकीचे दिवस वर्ग, सुट्टी लागली की गावं. अभ्यास प्रशिकच्या खाटेशी बसून. ती मोठ्यानं वाचायची आणि तो ऐकायचा. साथी कशा पसरतात, पाणी कसं तपासतात, सगळं त्याला पाठ झालं. आकडेमोडीच्या विषयाला तो चिल्लर म्हणायचा आणि ती अडली की म्हणायचा, चिल्लर मोजायले कंडक्टरची पोरगी काहून घाबरते? तिला परीक्षेत चिल्लरमध्येच सगळ्यांत जास्त गुण पडले.

धोंडबांना लेकीच्या घाईचं कारण ठाऊक नव्हतं. त्यांना नुसता अभिमान होता. पानठेल्यावर, विहारात, भाजीवाल्याजवळ, सगळीकडे ते सांगत सुटले की आपली पोरगी विनाथांबा आहे. दोन वर्षांचं अंतर, मधात कुठं थांबा नाही. मायाबाईंचं वेगळंच. त्या म्हणायच्या, एवढं पळून ही जाते कुठं, तिशी उलटली, कोणी लग्नाचं विचारलं तर म्हणते आधी मुलाचं रक्त तपासा. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या आणि मी लेकीची बाजू घ्यायची. मला कारण ठाऊक होतं. ते पोटात ठेवून त्या बाईशी बोलणं मला जड जाई.

फेब्रुवारीत एकदा प्रशिक स्वतः दुकानात आला. बरा होता. रिक्षातून उतरला, स्टुलावर बसला आणि मला म्हणाला, माझ्या पुस्तकाला रंग कोणता देणार? मी म्हटलं, तुझं कसलं रे, तुझ्या बहिणीचं. आणि संस्थेला काळा लागतो, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. त्यानं तोंड वाकडं केलं. काळा कोट घालून पुस्तकाले कोर्टात जायचं आहे का, म्हणाला. एक कॉपी माझी वेगळी, एसटीच्या लाल रंगाची. मी म्हटलं, तसलं रेक्झिन मिळत नाही. तो म्हणाला, गांधीबागेत काय मिळत नाही. मी दुसऱ्याच दिवशी गांधीबागेत गेले आणि चार दुकानं पालथी घालून तो लाल आणला. खोटं कशाला बोलू, मी त्या पोरावर जीव लावून बसले होते.

एप्रिल सरताना त्याला ताप आला. ऊन तर असं की दुपारी चौकात कुत्रं दिसत नव्हतं. ताप आला, ठणका आला, आणि या वेळी तो हाडांतून छातीत शिरला. भरती केलं, रक्त दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. अपेक्षा त्याच्याजवळच होती. शेवटी बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा त्यानं तिच्या मनगटावर बोटानं दोनदा टकटक केलं. दोनदा म्हणजे डबल बेल. तिनं मला हे फार पुढं सांगितलं.

प्रबंधाचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. गावांतून लोकांशी बोलून झालं होतं, उत्तरं टाइप झाली होती, आकडे लागले होते. दोन महिन्यांचं काम. तिनं दोन वर्षांचं अंतर कापत कापत तिथवर आणलं होतं आणि तो त्याहून घाई करून उतरून गेला.

मी रामबागेत गेले तेव्हा घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, भन्तेजी वंदना म्हणत होते. धोंडबा भिंतीला टेकून होते. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, ताई, टायपिंग कुठवर आलं? शेवटचा भाग राहिला आहे, मी म्हटलं आणि मायाबाईंजवळ जाऊन बसले. 

आठवडा गेला नाही तोच अपेक्षा दुकानात हजर. हातात कागद. मला तिचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, बाई, ज्याच्यासाठी पळत होतीस तो गेला. आता तरी बस घरी. आईजवळ बस. वर्ष पडलं आहे पुढं, तुझ्या मॅडमही हेच म्हणतील. ती ऐकून घेत उभी राहिली, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, “घरी बसली की बाबा विचारते, हे आपल्या घरात कुठून आलं. रोज विचारते काकू. एक दिवस माझ्या तोंडून निघून जाईन.”

तेव्हा मला तिची घाई नव्यानं समजली. आधी ती भावासाठी पळत होती, आता बापासमोरून पळत होती. मी तिच्या हातातले कागद घेतले आणि मशीन चालू केलं.

राहिलेला भाग तिनं माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहिला. काय लिहिलं ते मला थोडंफार कळलं. गावागावांत लोकांनी वाहकचा अर्थ कंडक्टर सांगितला होता, कोणी ड्रायव्हर, कोणी हमाल. एका बाईनं म्हटलं होतं, माझा नवरा ओझी वाहतो, म्हणून सिस्टर तसं म्हणाली असेल. आणि अर्धा म्हटलं की बहुतेकांना लगेच कळलं होतं. दोन अर्धे एकत्र आले तर काय, हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं. सुरुवातीच्या पानावर अर्पण लिहितात, तिथं काय टाकू असं मी विचारलं. तिनं नुसतं ‘प्रशिकला’ एवढंच सांगितलं. खाली एखादी ओळ टाक म्हटलं, तर नको म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटी ती तोंडी परीक्षेला बसली आणि पास झाली. सव्वा वर्षात. त्या संस्थेत आजवर इतक्या लवकर कोणी पार पडलं नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, हा विषय तुला सुचला कसा? ती म्हणाली, गावात एक ट्रॅक्टरवाला भेटला होता. ते खोटं नव्हतं.

लाल कॉपी मी आधीच बांधून ठेवली होती. माझ्या हातून बांधलेलं सगळ्यांत नीट पुस्तक ते. मी अपेक्षाला सुचवलं की गावातल्या लोकांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं असलेली शेवटची मराठी पानं यातून वगळू, बाकी सगळं इंग्रजीत आहे, तुझ्या बाबांना ते वाचता येणार नाही. तिनं थोडा विचार केला आणि नको म्हटलं. प्रशिकला पुरी कॉपी पाहिजे होती. बाबा कशाला उघडतील, ती म्हणाली.

धोंडबांनी नोव्हेंबरात एका रविवारी जेवण ठेवलं. मोठं काही नाही, घरातली आठ-दहा माणसं, त्यांचे डेपोतले दोन मित्र आणि मी. मायाबाईंनी सांभारवडी केली होती, आमच्याकडची कोथिंबीर भरून तळलेली वडी, ती प्रशिकच्या आवडीची. भिंतीवर त्याचा फोटो, फोटोखाली लाल पुस्तक उभं करून ठेवलेलं. सगळे हळू आवाजात बोलत होते. एप्रिलपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं, आणि जेवणाला आलेल्यांना ते कळत होतं. अपेक्षा वाढत होती.

जेवताना डेपोतल्या मित्रानं विचारलं, पोरीनं एवढं लिहिलं तरी काय? धोंडबा उठले, हात धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि पुस्तक खाली काढलं. इंग्रजी पानं त्यांनी भराभर उलटली. मी हातातला घास ताटात ठेवला. मराठी पानं आली तसे ते थांबले. चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचू लागले. “‘वाहक’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला काय वाटतो?” खालची उत्तरंही त्यांनी वाचली. कंडक्टर. एसटीतला कंडक्टर. ड्रायव्हर. पुन्हा कंडक्टर.

अपेक्षा हातात वरणाचं भांडं घेऊन जिथल्या तिथं उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

धोंडबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. “पाहा,” ते म्हणाले, “माझ्या पोरीनं माझ्यावर पुस्तक लिहिलं.”

 त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला, मायाबाईंकडे पाहिलं, त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना बायकोला हसवायचं होतं. आज लेकीचा दिवस होता आणि घर गप्प होतं, आणि त्यांच्याजवळ हसवायला एकच गोष्ट होती.

“आमच्या डेपोत शिबिर होतं,” त्यांनी सुरुवात केली, “रक्त तपासायचं.”

मला उठून जावंसं वाटलं. पण ताटावरून उठता येत नाही. ते सगळं सांगत गेले, खाकी, बिल्ला, उमरेड डेपो, एकही शब्द न गाळता. आवाज मधेच फाटला, तरी सांगत गेले. “मी म्हणलं, नाही मॅडम, ती घरीच राहते. पण घरात तिकीट तीच फाडते.”

 मग अपेक्षा हसली. सगळ्यांच्या आधी हसली, मोठ्यानं, चौथीतल्या मुलीसारखी, जसा काही जोक आज पहिल्यांदाच ऐकला. भांडं खाली ठेवून हसली. तिला पाहून मायाबाईंच्या तोंडाला पदर गेला, त्यांचे खांदे हलले, आणि मग डेपोतले मित्र, पाहुणे, सगळे. मीही हसले. त्या मुलीला एकटीला हसत ठेवणं मला शक्य नव्हतं.

धोंडबांना ठसका लागला. अपेक्षानं पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. ठसका थांबल्यावर त्यांनी पुस्तक पुन्हा फोटोखाली ठेवलं, नीट मध्यावर.

“प्रशिक असता तं सगळ्यात जोरात तोच हसला असता,” ते म्हणाले.

“हो बाबा,” अपेक्षा म्हणाली, “तोच.” आणि वरणाचं भांडं उचलून पुढच्या ताटाकडे गेली.